चांगले रिपोर्ट अडवणाऱ्या मॅडम

आमच्या लॅबमध्ये लिव्हरचा वाईट रिपोर्ट त्याच दिवशी सांगितला जायचा. चांगला आला की मॅडम तो अडवून ठेवायच्या. ही गोष्ट आम्हा आतल्या चार-पाच जणांना माहीत होती, आणि बाहेर सांगायची नाही अशी सक्त ताकीद होती. त्यामुळे रायपुरात उलटाच समज पसरला होता: त्या लॅबमध्ये रिपोर्ट अडला म्हणजे माणूस गेला. लोक त्यांना 'रोकनेवाली मैडम' म्हणायचे. काउंटरवर कोणी विचारलं, रिपोर्ट तयार आहे का, तर आम्ही हो म्हणायचं. मग द्या. आधी सोनोग्राफी दाखवा. एवढ्या बोलण्यात समोरच्या माणसाचा रंग उतरताना मी कित्येकदा पाहिला आहे. भीतीनं ओठ पांढरे पडतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथं रोज पाहिलं.

मॅडम एमडी डॉक्टर. लॅबच्या सगळ्या रिपोर्टांवर त्यांचीच सही, म्हणून मालक कुरकुरला तरी पुढं काही करू शकत नव्हता. तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातल्या. बुटक्या, रुंद, सुती साडीवर पांढरा कोट आणि पायांत शाळेच्या पोरांचे खेळाचे बूट. लग्न केलंच नव्हतं की करून मोडलं होतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून असायची, दाराकडे पाठ. नव्या माणसाला वाटायचं, बाई रुसल्या आहेत. कारण विचारलं तर म्हणायच्या, पेशंटचा चेहरा आधी पाहिला की आकडाही तसाच वाचला जातो. आकडा वाचून झाला की मात्र उठायच्या, बाहेर बाकांपाशी जायच्या आणि त्या माणसाकडे इतका वेळ बघत उभ्या राहायच्या की तो बिचारा आपल्या शर्टाची बटणं तपासायला लागायचा.

मग प्रश्न सुरू. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच: केसांची गोळी खाता का? बायका चिडायच्या. एकदा बीरगांवचा एक ठेकेदार आला होता, डोक्यावर औषधालाही केस नाही. मॅडमनी त्यालाही विचारलं. बाजूच्या बाकावरचे हसले. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मैडम, मज़ाक मत करो, बीमार आदमी हूँ." मॅडम हलल्या नाहीत. खाते हो क्या, म्हणून पुन्हा विचारलं. तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "पहले खाता था." केस वाढावेत म्हणून लोक जे व्हिटॅमिन घेतात, त्यानं काही मशिनी फसतात आणि रक्तात असलेलं प्रोटीन कमी दाखवतात. हे मॅडम त्या लोकांना समजावून सांगत बसायच्या नाहीत. विचारायच्या, ऐकायच्या आणि खुर्चीवर परत जायच्या.

"मशीन खोटं बोलत नाही," त्या आम्हाला म्हणायच्या, "पण विचारलं तेवढंच सांगते. सरकारी बाबूसारखी."

मी तिथं लागले ती बीएस्सी आणि लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून. आमच्या घराण्यात, म्हणजे भंडाऱ्याकडून आलेल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. माझे बाबा रेल्वेत खलाशी होते. मुलाखतीला मी सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून बसले होते, आणि मॅडमनी फाइल उघडलीच नाही. भिंतीकडे बघतच विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, वारले. कशानं? लिव्हरनं, पोट फुगून. प्यायचे का?

हा प्रश्न आम्हाला पाठ झाला होता. बाबा वारले तेव्हा कॉलनीत, नात्यात, दवाखान्यात सगळ्यांनी हाच विचारला होता, आणि आम्ही नाही म्हटलं की सगळे मान डोलवायचे, म्हणजे समजलं, लपवून राहिले. माझ्या बाबांनी कधी थेंब घेतला नव्हता. मी जरा जोरातच नाही म्हटलं. मॅडम खुर्ची फिरवून माझ्याकडे वळल्या.

"नाही म्हणजे नाही ना? मग बी असेल. हिपॅटायटिस बी. घरात अजून कोण आहे?"

बाबांबद्दलचं माझं म्हणणं पहिल्या झटक्यात खरं मानणारं ते पहिलं माणूस. त्यांनी तिथंच माझ्या दंडाला पट्टा बांधला. माझं रक्त साफ निघालं, मला लशीची इंजेक्शनं सुरू झाली आणि नोकरीही. आई तर बाबांच्या आधीच गेली होती. राहिला दादा. त्याला घेऊन ये, मॅडम म्हणाल्या. मी हो म्हटलं. दादा काही आला नाही. आज ड्यूटी आहे, उद्या पोट्टीची, म्हणजे लेकीची, शाळा आहे.

तो सापडला तो वेगळ्याच रस्त्यानं. जयंतीला आमच्या वस्तीत रक्तदान शिबिर असतं. निळ्या झेंड्यांखाली खाटा टाकतात, आणि दादा दर वर्षी पहिल्या खाटेवर आडवा होतो, म्हणजे व्हायचा. पूर्वी रक्तात काही निघालं तरी कोणी कळवत नसे, आणि मधली बरीच वर्षं मिलच्या पाळीमुळे त्याचं राहून गेलं होतं. त्या वर्षी हौसेनं दिलं, आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला की तुमचं रक्त वापरता येणार नाही, येऊन भेटा. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की त्याचं रक्त परत केलं. निघालं होतं ते बीच, पण आजाराचं त्याला त्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं.

मॅडमनी त्याला समोर बसवून समजावलं होतं. त्यांची समजावायची तऱ्हाही त्यांच्यासारखीच. म्हणाल्या, "आईच्या पोटातल्या बाळाचं लिव्हर एक प्रोटीन बनवतं. एएफपी. बाळ जन्मलं की हळूहळू ते बनणं बंद होतं. मोठ्या माणसाच्या रक्तात ते नावापुरतं असतं. आता चाळिशीच्या माणसाचं लिव्हर पुन्हा बाळपणीचं प्रोटीन बनवायला लागलं, तर समजायचं की आत कोणीतरी वेडेपणा करून राहिलं आहे." दादाला हे फार आवडलं. घरी जाऊन त्यानं वहिनीला, शेजाऱ्यांना, मिलमधल्या सोबत्यांना सांगितलं. आवडलं ते इतकं की पुढचं वाक्य त्याच्या कानांत शिरलंच नाही. पुढचं वाक्य असं होतं की काही गाठी हे प्रोटीन बनवतच नाहीत, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्तही द्यायचं आणि सोनोग्राफीही करायची.

चांगला रिपोर्ट अडवायचं मूळ या वाक्यात होतं. रक्त नॉर्मल आलं की लोक सोनोग्राफीला जात नाहीत, असं मॅडमचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. हातात कागद पडला की माणूस गोल बाजारातून मिठाई घेऊन घरी. लॅबमध्ये कोणी पेढे आणले तर मॅडम डबा उघडू द्यायच्या नाहीत. हे काय नवीन खूळ, म्हणून मी एकदा हटकलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. लॅबच्या खालच्या गाळ्यात एक शिंपी होता. काविळीचा जुना रोगी. दोनदा त्याचं एएफपी नॉर्मल आलं, दोन्ही वेळा मॅडमनीच सही केली. दुसऱ्या वेळेला तो पेढे घेऊन वर आला. पुढच्या दिवाळीपर्यंत तो नव्हता. गाठ आधीपासूनच होती, आणि ती हे प्रोटीन बनवत नव्हती.

"त्यानं दिलेला पेढा मी खाल्ला होता," मॅडम म्हणाल्या.

पण म्हणून त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. अभनपुरचा एक धानाचा व्यापारी होता. मोठा टिळा, मोठा आवाज. त्याचा रिपोर्ट अडला. दुसरा कोणी असता तर दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून आला असता. हा थेट घरी गेला, दोन्ही पोरांना समोर बसवलं आणि दुकान, गोदाम सगळं त्यांच्या नावे करून टाकलं. मेल्यावर भांडण नको म्हणून. मग निवांत मनानं सोनोग्राफीला गेला. लिव्हर बिलकुल साफ. मॅडमनी त्याला नॉर्मल रिपोर्ट दिला, आणि तो वाचून माणूस आनंदानं घरी जातो तर पोरं दुकानाच्या गल्ल्यावर बसू देईनात. काही दिवसांनी तो लॅबमध्ये येऊन बाकावर बसून राहिला. ओरडायला आला होता, पण त्याला ओरडताच येईना. "मैडम, मैं तो ज़िंदा हूँ," तो म्हणाला, "दुकान चली गई." आम्ही सगळे हसू दाबून उभे. मॅडमना हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही, आणि संध्याकाळी मालकानं केबिनमध्ये बोलावून बरंच सुनावलं. दुसऱ्या दिवशी आल्या आणि पहिलाच चांगला रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. मला त्यांची भीती वाटायची ती यासाठी.

दादाकडे येते.

पहिल्या एक-दोन वेळा मी त्याला हाताला धरून सोनोग्राफीला नेलं होतं, म्हणून त्याचे रिपोर्ट कधी अडले नव्हते. मग माझं लग्न, त्याची मिलमधली नवी जागा, असं करता करता तो एकटा यायला लागला. पहिल्यांदा एकटा आला त्या वेळी सकाळी रक्त देऊन गेला आणि सोनोग्राफी पुढच्या हप्त्यात करतो म्हणाला. बीरगांवहून उरला भागातल्या मिलमध्ये जायचं, उपाशी पोटी थांबायचं, हाजिरी बुडते, ठेकेदार बोलतो. हे तो सांगायचा. खरं कारण मला माहीत होतं. बाबांना सोनोग्राफीला त्यानंच नेलं होतं. बाबा आत झोपलेले असताना डॉक्टरनं दार उघडून विचारलं होतं, मरीज के साथ कौन है, आणि दादा बाकावरून उठला होता. तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोट्टा. आत डॉक्टरनं त्याला जे सांगितलं, ते बाबांना न सांगता त्यानं त्यांना सायकलवर मागं बसवून घरी आणलं. रस्ताभर बाबा विचारत होते, काय म्हणे डॉक्टर. तेव्हापासून त्याला त्या खोलीची, त्या थंड जेलीची, त्या अंधाराची धास्ती.

त्याचा नमुना मशीनवर मीच लावला. आकडा आला. छान होता. मी मनगटानं कपाळ पुसलं आणि फोन काढला, तेवढ्यात मॅडम मागं उभ्या.

"भाऊ ना तुझा? सोनोग्राफी?"

मी म्हटलं, पुढच्या हप्त्यात करणार आहे. त्यांनी प्रिंट घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मी म्हटलं, मॅडम, माझा सख्खा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, मग तर आणखीच.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय आलं व, छोटी?"

"मॅडमनं थांबवला."

तिकडं मिलचा खडखडाट ऐकू येत होता. तो बाजूला कुठंतरी गेला असावा, कारण आवाज कमी झाला. "कायले थांबवला?"

"सोनोग्राफी पाहिजे म्हणतात. आधी ती कर."

"म्हणजे हाय काहीतरी."

मी गप्प राहिले. खोटं बोलले नाही, पण त्या वेळी गप्प राहणं खोटं बोलण्याहून जड होतं. आकडा माझ्या जिभेच्या टोकावर होता. नॉर्मल आहे रे, एवढंच म्हणायचं होतं. आणि म्हटलं असतं तर तो पुढच्या सहा महिन्यांतही सोनोग्राफीला गेला नसता, हेही मला माहीत होतं.

मला वाटलं होतं, घाबरून दुसऱ्याच दिवशी जाईल. माझा हिशोब चुकला. घाबरला तो घट्ट बसून राहिला. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, रडत. दादा जेवत नव्हता. मिलमधून आला की खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. पोट्टीला जवळ बोलावून म्हणाला, दहावी झाली का आत्यासारखी कॉलेजात जाजो, कोणी काही म्हटलं तरी. "ते असं काहून बोलून राहिले, बाई?" वहिनी म्हणाली. "तुम्ही तर लॅबमध्येच आहात. तुम्हाले ठाऊक असंल. मले सांगा, मी त्याइले नाही सांगत."

मी तिला म्हटलं, सोनोग्राफी होऊ दे. आणि फोन ठेवून सरळ मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. मी सरळ बोलणारी बाई आहे, मनात ठेवता येत नाही. मी म्हटलं, हे बरोबर नाही, माणसाला असं मारून वाचवता येत नाही. त्या अभनपुरवाल्याचं काय झालं ते पाहिलं ना आपण. माझा भाऊ जेवत नाही. त्याला आजार नाही आणि तो आजारी पडून राहिला आहे.

मॅडम भिंतीकडेच बघत होत्या. "आजार नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

"आकडा आहे ना समोर."

"आकडा एका प्रोटीनचा आहे." मग त्या वळल्या. त्यांचा चेहरा मला वाटला होता तसा कडक नव्हता. डोळ्यांखाली काळं होतं. "सांगायचं तर सांग. कागद मी अडवला आहे, तुझं तोंड नाही अडवलं. पण सांगितलंस आणि तो नाही गेला, तर मग ते तुझ्याकडे राहील. माझ्याकडे एक शिंपी आहे, तेवढा पुरे."

मी सांगितलं नाही. शेवटी मी बीरगांवला गेले, त्याच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, चल, मी येते सोबत, बाहेर बसून राहीन. तो उठून बसला. मग म्हणाला, "बाबाले नेलं होतं त्या ठिकाणी नाही येत मी. दुसरीकडं चाल."

दुसरीकडं गेलो. सकाळची वेळ, उपाशी पोट, भिंतीवर हसऱ्या बाळाचा फोटो. दादानं चप्पल काढून बाकाखाली सरकवली आणि नंबर आल्यावर माझ्याकडं न बघता आत गेला. मी बाहेर बसले आणि त्याला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. बाहेर आला की दोन्ही हात धरून सांगायचं, अरे वेड्या, रक्त तर नॉर्मलच होतं, तुला इथं आणायचं होतं म्हणून गप्प राहिले. तो शिव्या घालेल. घालू दे. मग समोरच्या टपरीवर समोसा खायचा. वहिनीला फोन त्याच्याकडूनच करवायचा. मी मनातल्या मनात हसायलाही लागले होते.

दार उघडलं. पांढऱ्या कोटातला तरुण डॉक्टर. त्यानं बाकांवरून नजर फिरवली. "इनके साथ कौन है?"

माझे पाय उठले. मी नाही उठले, पायच उठले. आत अंधार, पडद्यावर राखाडी वादळासारखं काहीतरी, आणि त्यात डॉक्टरनं बोट ठेवलं तिथं एक गोल सावली. छोटी होती. तो म्हणाला, छोटा है, अच्छा हुआ अभी आ गए, सीटी करवा लो. पुढचं मी ऐकलं, पण ते दुसऱ्याच कोणाला सांगत असल्यासारखं. दादा टेबलावर बसून पोटावरची जेली कागदानं पुसत होता. पुसून झाली तरी पुसत होता.

"तुले बाहेरून बोलावलं ना," तो म्हणाला. "मले बी असंच बोलावलं होतं."

समोसा, हात धरणं, काहीच झालं नाही. त्याला रिक्षात बसवून घरी पोचवलं आणि मी लॅबमध्ये आले. मॅडमना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, फ्रीजमधून दादाच्या त्याच रक्ताची उरलेली नळी काढली आणि दुसरं प्रोटीन लावायला सांगितलं. पिव्का म्हणतात त्याला. लिव्हर रक्त गोठवायचं एक प्रोटीन बनवतं. बिघडलेल्या पेशी ते अर्धवटच बनवून रक्तात सोडून देतात. हे त्या मला शिकवत होत्या की स्वतःला धीर देत होत्या, कळलं नाही. दादा रक्त पातळ करायची गोळी घेतो का, त्यांनी विचारलं. नाही. एवढ्यात काही दिवस अँटिबायोटिक घेतली का? नाही. मला आत कुठंतरी वाटत होतं, हो म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्या गोळ्यांनीही हा आकडा वाढतो. आम्ही दोघी मशीनपाशी उभ्या राहिलो. आकडा आला तो नॉर्मलच्या कितीतरी वर. मॅडमनी तो पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तसाच.

"पहिली टेस्ट गप्प बसली होती," मॅडम म्हणाल्या. "ही बोलली." आणि त्या खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मी मागितलेला तो नॉर्मल रिपोर्ट माझ्या हातात दिला. आता घेऊन जा, म्हणाल्या. तो कागद हातात घेताना मला जी भीती वाटली, ती सोनोग्राफीच्या खोलीतसुद्धा वाटली नव्हती. कारण या कागदावर सगळं ठीक होतं. सही होती, शिक्का होता, आणि मी हाच कागद फोनवर वाचून दाखवणार होते.

पुढचं थोडक्यात सांगते. सीटी झाली. गाठ छोटी, एकटी, आणि काढता येईल अशा जागी होती. काढली. दादाच्या पोटावर उजवीकडं मोठी कमान आहे टाक्यांची. मिलमध्ये त्याला हलकं काम दिलं. व्हायरसची गोळी रोज घ्यायची, आणि तपासणी आता तीन महिन्यांनी.

एक दिवस फाइल लावताना त्याच्या हाती तो नॉर्मल रिपोर्ट लागला. तारीख बघितली. दादा सातवी शिकलेला आहे, पण तारीख त्याला कळते.

"हे तं तवाचंच हाय," तो म्हणाला. "नॉर्मल होतं?"

मी हो म्हटलं.

"अन् तू जाणत होतीस?"

"जाणत होते."

"तुही वहिनी रडत होती, तरी?"

"तरी."

मी वाट बघत होते. रागाची, नाहीतर बरं केलंस म्हणण्याची. त्यानं कागद जागेवर लावला, फाइल बंद केली आणि बाहेर जाऊन नळावर हात धुतले. आजपर्यंत त्यानं तो विषय काढलेला नाही. पण तेव्हापासून मी त्याला काहीही चांगलं सांगितलं की तो माझ्या तोंडाकडं बघतो. पोट्टी पास झाली, म्हटलं तरी बघतो. भात शिजला म्हटलं तरी.

मॅडम आता घरीच असतात. गुडघे गेले, आणि मालकाला तेवढंच निमित्त पुरलं. आता आमच्या लॅबचे रिपोर्ट आपोआप फोनवर जातात, चांगले-वाईट सगळे एकाच रंगाच्या फाइलमध्ये, आणि काउंटरवर भांडण होत नाही. मालक खूश आहे. मी विचारते पेशंटांना, सोनोग्राफी केली का, केसांची गोळी खाता का. काही हसतात. काही जातात.

दादा त्याचा रिपोर्ट माझ्याकडून ऐकत नाही. रक्त मी काढते, मशीनवर मीच लावते, पण तो प्रिंट पाकिटात बंद करून मागतो, आणि पाकीट आणि सोनोग्राफीचा कागद घेऊन तात्यापाऱ्यात मॅडमच्या घरी जातो. मला सोबत नेतो, पण आत येऊ देत नाही. या वेळी रक्ताची पाळी माझ्या सुट्टीत पडली, दुसऱ्या मुलीनं नमुना लावला, म्हणून पाकिटात काय आहे ते मलाही माहीत नाही. सोनोग्राफीही त्यानं एकट्यानंच करून घेतली.

मॅडमची रीत अजून तीच आहे. आधी सोनोग्राफी, मग रक्त, आणि दोन्ही दादानंच मोठ्यानं वाचायचं. इंग्रजी अक्षरं एकेक जोडत तो वाचतो, अडला की मॅडम थांबतात, सांगत नाहीत. आत्ताही मी बाहेरच्या खोलीत वेताच्या मोड्यावर बसलेली आहे. मधलं दार लावलेलं. आतून दादाचा आवाज येतो, एक शब्द, मग दुसरा. मध्येच थांबतो. कठीण शब्द आला म्हणून थांबला, की दुसऱ्या कशानं, ते बाहेरून कळत नाही.